चौतीस वह्यांची बेरीज

बोरखडीच्या नव्या उपकेंद्राच्या भिंतीवर काय लिहायचं यावरून ग्रामपंचायतीत भांडण झालं नाही, हेच एक नवल. गाव आणि भोवतालच्या सहा वस्त्या मिळून चौतीस वर्षं जिनं घरोघर बाळंतपणं केली, तिचं नाव दाराच्या उजव्या अंगाला लिहायचं आणि नावाखाली तिच्या हातावर आलेल्या लेकरांचा आकडा. नावावर सगळे राजी होते. कुसुमबाई सिताराम वाव्हळे. अडलं ते आकड्यापाशी.

"अंदाजे अडीच हजार लिहून टाकू," सरपंच आबासाहेब म्हणाले. "गोल आकडा भिंतीवर बरा दिसतो."

कुसुमबाई दाराजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी पदर सावरला.

"आबासाहेब, तुमी आंदाजे आलते का?"

"म्हणजे?"

"पायाकडून आलते तुमी. एक पाय भायेर आन बाकीचे सरपंच आत. दिवस उगवल्यापासून तिसऱ्या पहरापर्यंत घाम काढला माझा. त्यात आंदाजे काय होतं ते सांगा."

मेंबर लोक मांड्या थोपटून हसले. आबासाहेबही हसले, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या. गावात विहिरीचं पाणी दाखवायला पायाळू माणूस म्हणून अजून त्यांनाच नेत असत, तेव्हा नाकारायची सोय नव्हती.

"मग मोजून लिहू, मावशी. पण मोजणार कोण?"

"वह्या हायेत माझ्याजवळ. सगळ्या." कुसुमबाईंचा आवाज उतरला. "एक बी लेकरू भायेर ऱ्हायलं तर ती पाटी माझी न्हाई. मग माझं नाव बी लिहू नका."

वह्या खरंच होत्या. लोखंडी पेटीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेल्या. पंच्याहत्तर साली गंगाखेडला दाईचं शिक्षण घेऊन आल्यावर त्यांनी पहिली वही घातली. सासू सुलाबाई त्यांच्याआधी गावाची सुईण. तिला लिहिता येत नव्हतं आणि लेकरं मोजलेली तिला खपत नव्हती. "दिष्ट लागती," म्हणायची. कुसुमबाई चौथी शिकलेल्या. बापानं छप्पन सालच्या दीक्षेनंतर पोटाला चिमटा घेऊन शाळेत घातलेलं, ते काय नुसती सही करायला? त्या लिहीत राहिल्या. ज्या घरांत त्यांना पाणी वरून ओतून मिळायचं, मागच्या दारानं यावं लागायचं, त्याच घरांतलं नवं माणूस पहिल्यांदा त्यांच्या तळहातांवर यायचं. बाकीचे हात नंतर. ही गोष्ट त्यांनी कधी कोणाला बोलून दाखवली नाही. वहीत मात्र प्रत्येक घर उतरत गेलं.

पाडव्याला नवी वही काढायची आणि फाल्गुनाच्या अवसेला मिटायची, असा त्यांचा रिवाज. इंग्रजी महिन्यांचा उपयोग नव्हता. दिवस गेलेली बाई सप्टेंबर-ऑक्टोबर सांगायची नाही. पोळ्याच्या पुढं, दसऱ्याच्या आत, संक्रांतीच्या आसपास, असं सांगायची. म्हणून प्रत्येक महिन्याला एक पान, पानावर सात वस्त्यांची नावं, आणि नावासमोर त्या महिन्यातली लेकरं. पुढं रस्ते झाले, दवाखान्याच्या गाड्या दारात यायला लागल्या आणि घरची बाळंतपणं थांबली. चौतिसावी वही शेवटची.

संगणकात घालायचं काम राजेश्रीकडे आलं. ती पंचायतीतली संगणकवाली. लिंबाच्या वस्तीवरल्या परमेश्वरची मुलगी, लग्न होऊन गावातच दिलेली. तीन आठवडे रोज दुपारी कुसुमबाई पिशवीतून दोन-तीन वह्या घेऊन यायच्या, चष्मा नाकावर ओढून वाचायच्या आणि राजेश्री टाइप करायची. एका वहीला एक शीट. डाव्या रकान्यात वस्त्यांची नावं, मग उजवीकडं एकेका महिन्याचा एकेक रकाना.

चौथ्या दिवशी राजेश्रीचं बोट वहीवर थांबलं. "कुसुममाय, काही आकड्यांच्या बाजूला हे टिंब कशाचं?"

कुसुमबाईंनी पान जवळ घेतलं. टिंबावर बोट टेकवलं.

"त्यातलं एक रडलं न्हाई."

राजेश्रीचे हात कळफलकावर तसेच राहिले. "मग ते मोजायचं?"

"आलतं की ते बी. नऊ म्हयने चालून आलतं." त्यांनी पान परत केलं. "मोज."

तिनं मोजलं. त्यानंतर टिंबाबद्दल तिनं विचारलं नाही.

सोमवारी सकाळी चौतिसाव्या शीटचा शेवटचा आकडा पडला. मंगळवारी उद्घाटन. नागनाथ पेंटर उपकेंद्रापाशी डबे उघडून बसला होता. त्यानं नाव रंगवून टाकलं होतं, खालची जागा कोरी होती आणि दर अर्ध्या तासाला तो पंचायतीच्या दारात येऊन "झालं का, बाई?" असं विचारून जात होता.

"आता बेरीज," राजेश्री म्हणाली.

"चौतीस वह्यांची?" कुसुमबाईंनी खुर्ची पुढं ओढली. "चार दिवस लागतील तुला."

"एका शीटची बेरीज करायला संगणकाला सांगावं लागत नाही, ते त्याला येतं. पण चौतीस शीटांमधून हिंडून एकच आकडा आणायचा, तोही पाहिजे तेव्हा पाहिजे त्या वस्तीचा, हे त्याला आपल्यासारखं येत नाही. त्याला शिकवायचं."

"कोन शिकवनार?"

"मी. लिहून."

कुसुमबाईंनी तिच्याकडं बघितलं. गेल्या साली दळणाच्या डब्यावर बसून रडलेली पोरगी ही. सासू नोकरी सोड म्हणत होती. आज ती यंत्राला शिकवायला निघाली होती.

राजेश्रीनं दुसरी खिडकी उघडली. पांढऱ्या पानावर इंग्रजी अक्षरं उमटायला लागली. लिहिता लिहिता ती मराठीत सांगत गेली, जसं पहिलटकरणीला समजावून सांगावं तसं. "फाइलमधल्या सगळ्या शीट घे. जिचं नाव 'एकूण' आहे ती सोड, नाहीतर आपलीच बेरीज आपल्यात मिळवशील. उरलेल्या एकेकीत जा. पहिला रकाना वस्तीच्या नावाचा, तो वाच. दुसऱ्या रकान्यापासून तेराव्यापर्यंत जेवढे आकडे असतील तेवढे उचल. मिळव. पुढच्या शीटमध्ये जा. संपल्या की परत ये आणि सांग."

"एवढं सांगून ते जाईल?"

"जाईल. पण त्याला हाक मारायला नाव ठेवावं लागतं."

"बारसं आधी आन जल्म मागून?"

"असंच असतं यात." राजेश्री हसली आणि इंग्रजी पाच अक्षरं टाइप केली. "कुसुम ठेवलं."

कुसुमबाईंनी पडद्यावरची ती अक्षरं निरखून बघितली. चौतीस वर्षांत त्यांनी अनेकांच्या पोरांची नावं ऐकली. कोणी सुईणीचं नाव पोरीला ठेवलेलं त्यांना आठवत नव्हतं.

'एकूण' नावाच्या रिकाम्या शीटवर, एका चौकोनात राजेश्रीनं ते नाव लिहिलं, कंस उघडला, मिटला आणि बटण दाबलं.

डोळ्याची पापणी लवायच्या आत आकडा आला. २६४८.

कुसुमबाईंना पहिल्यांदा वाटलं, हा आधीच लिहून ठेवलेला असणार. त्यांनी तसं विचारलंही. राजेश्रीनं पुसला आणि परत आणून दाखवला. तेव्हा त्यांचे हात मांडीवर उताणे पडले. चौतीस वर्षं. शेतातल्या वाटा, चिखलात रुतलेली पायताणं, गोदावरीला पूर असताना पलीकडच्या तीरावर बसून काढलेला एक अख्खा दिवस, भाकरी अर्धी टाकून उठलेल्या किती दुपारी. त्या सगळ्यातून हे यंत्र एका क्षणात हिंडून आलं होतं आणि त्याला धापसुद्धा लागली नव्हती. बोरखडीत आज मोजून चौदाशे माणूस राहतं. हे त्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढी माणसं शाळेच्या पटांगणात उभी केली तर मावणार नाहीत. रस्त्यावर, पाराखाली, पार बसथांब्यापर्यंत जातील. आणि प्रत्येकाचं डोकं कधीतरी त्यांच्या या दोन तळव्यांत मावलेलं.

"बया," त्या एवढंच म्हणाल्या.

राजेश्रीनं फोन लावला. "नागनाथकाका, दोन हजार सहाशे अठ्ठेचाळीस. आधी खडूनं काढा."

फोन ठेवेपर्यंत कुसुमबाई सावरल्या होत्या. चष्मा पदरानं पुसून त्या म्हणाल्या, "एक सांगू का? एवढ्या मोठ्या आकड्याची मला परीक्षा करता येत न्हाई. ल्हान आकडा दाव. तुझ्या माहेरचा. लिंबाच्या वस्तीचा."

"दाखवते की." राजेश्रीनं कंसात वस्तीचं नाव घातलं. "अठरा."

कुसुमबाईंनी उजव्या हाताचा अंगठा करंगळीच्या बुडच्या पेरावर टेकवला. बोटांची पेरं मोजत त्या पुटपुटायला लागल्या. "बालाजीच्या घरची पाच. त्याच्या भावाच्या दोघी सुनांची मिळून सात, त्यात जुळं एक. कस्तुराबाईची लेक पयल्या खेपेला माहेरी आलती, तिचं एक. ऊसतोड्यांच्या खोपीवरली दोन. आन तुझ्या आईची, सुमनबाईची चार." अंगठा थांबला. "एकोनीस."

"माय, अठरा आहेत."

"एकोनीस हायेत. लिंबाची वस्ती म्हंजी सात घरं. मी भाकरी थापता थापता सांगीन."

राजेश्रीनं दाराबाहेर बघितलं. आकडा नागनाथला गेला होता, भिंतीवर खडू फिरत होता. "टाइप करताना माझ्याकडूनच राहिलं असंल. कुठलं, ते कसं कळायचं आता?"

"घरटी जाऊ. तुझ्याच घरापासून धर. तुझा थोरला भाऊ?"

राजेश्रीनं यंत्रातल्या कुसुमला ज्याच्या त्याच्या सालाची शीट वेगळी विचारायला सुरुवात केली. थोरला भाऊ सापडला. ताई सापडली. धाकटा सापडला, ज्याच्या वेळी परमेश्वरनं पेढ्याऐवजी गूळ वाटला होता.

"आन तू?"

राजेश्रीनं शहाण्णवची वही मागितली. तिचा जन्म सत्त्याण्णवच्या मार्चमधला, पण वही पाडव्याला बदलायची, तेव्हा फाल्गुनातली लेकरं आधीच्या वहीत. कुसुमनं शहाण्णव सालाचा लिंबाच्या वस्तीचा आकडा आणला. शून्य.

राजेश्रीनं पुन्हा बटण दाबलं; पुन्हा शून्य.

"मला मी मोजायलाच विसरले का?" राजेश्रीनं हळूच विचारलं.

"विसरशील कशी? मी वाचून दाखवलं न्हाई का? धुळवडीचा दिवस. तुझा बाप बोलवायला आला तर तोंड काळ्या-निळ्या रंगानं भरलेलं, मी वळखलंच न्हाई. म्हनलं, कोन रं तू? तर म्हनला, मावशे, थट्टा नको, सुमन अडलीय. बैलगाडीत बसले तर पोरांनी मला बी रंगवलं. दोनदा साबन लावला तरी नखात गुलाबी ऱ्हायला होता. तुझ्या कपाळाला लागला थोडा. तुझ्या आजीनं विचारलं, जल्मखूण हाय का?"

राजेश्रीनं शहाण्णवची शीट उघडली. लिंबाच्या वस्तीच्या ओळीवर बोट ठेवून ती उजवीकडं सरकत गेली. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, पुढं पुढं, अगदी काठाला. शेवटच्या रकान्यात, फाल्गुनाखाली, एक आकडा होता. १.

"इथं तर आहे मी," ती म्हणाली. "लिहिलेली आहे. मग मोजली का नाही?"

कुसुमबाईंनी मान तिरकी करून पडद्याकडं बघितलं. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण रकान्यांवरची मराठी नावं येत होती. त्यांनी ती मोठ्यानं वाचली आणि प्रत्येक नावाला एक पेर दाबलं. चैत्र, वैशाख, ज्येष्ठ. अधिक आषाढ. आषाढ. श्रावण. चार बोटांची बारा पेरं माघापाशी संपली. फाल्गुनाला पेर उरलं नाही. त्यांनी अंगठाच हवेत धरला.

"तू धोंड्याच्या सालातली हायस, बाई," त्या म्हणाल्या. "त्या साली म्हयने तेरा."

राजेश्रीनं कपाळावर हात मारला.

पंचायतीच्या कामात तिला बारा महिने माहीत. जानेवारी ते डिसेंबर, एप्रिल ते मार्च, काहीही धरा, बाराच. धोंड्याचा महिना तिच्यासाठी आईनं जावयाला अनारसे आणि चांदीची वाटी द्यायचा महिना. त्याला रकाना लागतो हे लिहिताना तिच्या डोक्यात आलंच नव्हतं. कुसुमबाई वाचत गेल्या, ती वहीत असेल तसं टाइप करत गेली आणि तेराव्या रकान्यापर्यंत जा असं तिनं यंत्राला बजावून सांगितलं. पहिला रकाना नावांचा, मग पुढं बाराच बसतात. ज्या साली अधिक महिना मध्ये घुसला, त्या साली फाल्गुन चौदाव्या रकान्यात गेला. यंत्र शिकवल्याप्रमाणे तेराव्यापाशी थांबून माघारी फिरलं. दर वेळी. अगदी इमानानं.

"अशी सालं किती?"

"तीनाला एक. कधी थोडं आधी."

राजेश्रीनं शीट चाळल्या. बारा निघाल्या. बारा फाल्गुन. बारा वर्षांतली धुळवडीच्या आसपास जन्मलेली सगळी लेकरं वहीत होती, शीटमध्ये होती आणि बेरजेच्या बाहेर उभी होती.

दारात नागनाथ आला. हातात ब्रश. "खडूनं काढलं, बाई. रंग भरू ना?"

"थांबा, काका."

"मंडपवाला म्हणायलाय, पाचाला पडदा बांधायचाय."

"दिवस भरल्याबिगर वढून काढतेत का?" कुसुमबाई म्हणाल्या. "बस तिथं."

नागनाथ उंबऱ्यावर बसला.

राजेश्रीनं लिहिलेली ओळ शोधली. तेराचा आकडा खोडला. पुन्हा मराठीत सांगत तिनं लिहिलं, "प्रत्येक शीटमध्ये आधी बघ, शेवटचा भरलेला रकाना कुठला. जिथवर पान भरलंय तिथवर जा. मधेच फिरू नकोस."

"हां," कुसुमबाई म्हणाल्या, जणू त्या कोणा अडलेल्या बाईला नीट कळ द्यायला सांगत होत्या.

आधी लिंबाची वस्ती. एकोणीस.

मग कंस रिकामा ठेवून सगळ्या वस्त्या. आकडा हलला. २७३१.

राजेश्रीनं वजाबाकी केली आणि ती आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "त्र्याऐंशी."

त्र्याऐंशी माणसं. गावच्या शाळेचा चौथीपर्यंतचा पट एवढा नव्हता. त्यातली कोणी आज परभणीच्या बाजारात असतील, कोणी पाथरीच्या शाळेत शिकवत असतील, कोणी उसाच्या फडात, कोणाला नातवंडं झालेली असतील. एका रकान्याच्या अंतरावर ती सगळी खोळंबली होती, आणि त्यांच्यात ती स्वतः. ज्या बाईच्या हातांनी तिला एकदा आत आणलं होतं, तिनंच आज लिंबाच्या वस्तीची पेरं मोजून दुसऱ्यांदा आणलं होतं. राजेश्री उठली, खाली वाकली आणि कुसुमबाईंच्या पायाला हात लावला.

"आता हे काऊन?" कुसुमबाईंनी पाय आखडले. "काम कर. नागनाथ बसलाय."

भिंतीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसला गेला. बघायला आबासाहेबही आले. कुठं चुकलं ते ऐकल्यावर त्यांनी खालच्या आवाजात विचारलं, "मावशी, आधीच्या आकड्यात मी होतो ना?"

"तुमी होतेच की. सत्त्याहत्तरच्या धोंड्याच्या श्रावनातले तुमी. मधी घुसून बसले तुमी आन शेवटची बिचारी फाल्गुनातली भायेर ढकलली. तवापासून सरपंचच हायेत तुमी."

आबासाहेब या वेळी सगळ्यांच्या आधी हसले.

नागनाथनं दोन काढला, सात काढला. निळा रंग, पांढऱ्या भिंतीवर. तीन काढताना त्याचा हात जरा वळला, त्यानं चिंधीनं काठ सारखा केला. कुसुमबाई त्याच्या मागं उभ्या राहून बघत होत्या. एक आकडा काढायला माणसाला एवढा वेळ लागतो आणि त्या खिडकीतल्या कुसुमला काहीच लागत नाही, हे काही केल्या त्यांच्या मनात बसत नव्हतं.

एक काढून नागनाथ खाली उतरला. आबासाहेबांनी आकडा मोठ्यानं वाचला. कुसुमबाईंनी मान हलवली. पाटी त्यांची झाली होती.

सगळे मंडपाकडं वळले. राजेश्री कुलूप लावायला पंचायतीत आली, तर मागून काठीचा आवाज. कुसुमबाई पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसल्या.

"काय राहिलं, माय?"

"ऱ्हायलं काही न्हाई." त्या पडद्याकडं बघत होत्या. "ते बंद करायच्या आधी पुन्ना एकडाव पुस. आन बोलव त्याला."

राजेश्रीनं आकडा पुसला. चौकोन रिकामा झाला. तिनं कुसुम लिहिलं, कंस उघडला, मिटला.

"थांब," कुसुमबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा नीट बसवला आणि दोन्ही हात ओंजळीसारखे मांडीवर पुढं धरले. "हां. आता."